पायाने चालणारा मायक्रोस्कोप

गोपीनाथ मढवीला हलणारा काटा बघवत नसे. काटा म्हणजे मीटरचा. डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगांच्या एका कारखान्यात तो कंट्रोल पॅनल सांभाळायचा. तिथे मोठमोठ्या भांड्यांत रंग शिजायचे आणि त्यांचं तापमान भिंतीवरच्या काट्यांवर दिसायचं. काटा जागेवर उभा राहिला की रंग सुखरूप, आणि तो नाचायला लागला की कुठेतरी काहीतरी ढिलं झालंय, असा सरळ मामला. नाचणारा काटा गप्प करायचा, याचाच त्याला पगार मिळायचा.

बरं, हे वेड कारखान्यात ठेवून माणूस घरी येईल तर शपथ! ठाण्यात कोपरीच्या घरातला पंखा जरा डुगडुगला की हा भरल्या ताटावरून उठून स्टुलावर चढणार. कुणी खुर्चीत बसून पाय हलवला तर तोंडावर सांगणार, "पाय आधी खाली ठेव." त्याची आई चंद्रभागाबाई कपाळाला हात लावायची. "याचं लगीन झालं नाय त्येच बरं," ती शेजारणीला सांगायची. "बायको श्वास घेताना हालली असती, तरी यानी धरून ठेवली असती."

बाप दामाजी मिठागरात राबून राबून लवकर गेला. गोपीनाथने आयटीआय केलं, नोकरी धरली आणि धाकट्या बहिणीला, शेवंतीला, शिकवलं. तिचं लग्न कल्याणला लावून दिलं, पण चार वर्षांत नवरा काविळीने गेला आणि ती माहेरी परत आली. आली ती रडत बसली नाही. लॅबचा कोर्स केला आणि नौपाड्यात डॉक्टर कर्णिकबाईंच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला लागली. रक्ताच्या स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघायच्या आणि त्यात मलेरिया आहे की नाही ते सांगायचं, हे तिचं मुख्य काम. पावसाळ्यात तर ठाण्यात घरटी एक माणूस तापाने फणफणलेला असायचा. शेवंतीचा डोळा असा काही तयार झाला की बाहेरचे डॉक्टर फोन करून विचारायचे, "स्लाइड शेवंतीने बघितली का?" ती घरी हे कधी सांगायची नाही. गोपीनाथला ते कर्णिकबाईंकडून कळायचं, आणि मग तो आठवडाभर छाती फुगवून फिरायचा.

त्र्याण्णव साली कोपरीच्या पुलावर शेवंतीची रिक्षा उलटली. जीव वाचला, पण उजवा हात कोपरात असा काही मोडला की हाड जुळूनही बोटांत ताकद येईना. पेला धरायला गेली की पेला निसटायचा. डॉक्टरांनी व्यायाम दिले, मालिश सांगितलं, आणि शेवटी एकाने स्पष्टच सांगितलं की यापुढे फार आशा ठेवू नका.

आता मायक्रोस्कोपचं काम दोन हातांचं. एका हाताने स्लाइड केसाकेसाने सरकवायची, दुसऱ्या हाताने फोकसचं चाक फिरवायचं, आणि दोन्ही एकाच वेळी. शेवंतीने डाव्या हाताने आळीपाळीने दोन्ही करून बघितलं. तासाभरात जेमतेम एक स्लाइड व्हायची आणि मान आखडून जायची. कर्णिकबाई मनाने चांगल्या. त्या म्हणाल्या, "शेवंती, तुझी नोकरी कुठे जात नाही. तू काउंटरवर बस, नावं घे, रिपोर्ट दे. स्लाइडसाठी मी दिवाळीनंतर दुसरी मुलगी घेते."

त्या दिवशी शेवंती घरी आली आणि चप्पल काढायच्या आधी म्हणाली, "मला काउंटरवर नाही बसायचं, दादा."

"अगं, पगार तोच आहे ना?"

"पगाराचं कोण बोलतंय? रिपोर्ट दुसरीने काढायचा आणि मी तो पाकिटात घालून द्यायचा. मला नाही जमायचं ते. त्यापेक्षा घरी बसते."

"घरी बस मग. इथे काय कमी आहे तुला?"

झालं! नेमकं हेच बोलायला नको होतं. शेवंतीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याला वाटलं, कानाखाली बसली असती तरी परवडली असती. नवरा गेल्यावर स्वतःच्या पायावर उभी राहिलेली बाई ती, आणि हा तिला पुन्हा भावाच्या घरात बसवायला निघाला होता. गोपीनाथला आपली चूक कळली, पण चूक कबूल करायची सवय त्या घरात कुणालाच नव्हती. त्याऐवजी तो म्हणाला, "त्या मायक्रोस्कोपला मोटार लावली तर?"

मंडळी, गोष्ट इथून सुरू झाली.

कर्णिकबाईंकडे कपाटात एक जुना मायक्रोस्कोप धूळ खात पडला होता. तो त्यांनी देऊन टाकला. वर निकाल ठाऊक असलेल्या जुन्या स्लाइड दिल्या, काहींत मलेरिया असलेल्या, काहींत नसलेल्या, आणि कुठल्या कुठल्या ते मात्र स्वतःजवळ ठेवलं. "दिवाळीपर्यंत थांबते," त्या म्हणाल्या. "पण गोपीनाथ, एक लक्षात ठेवा. तुमच्या मशीनची मला हौस नाही. तिने एकटीने स्लाइड बघून बरोबर सांगितलं पाहिजे. पेशंटच्या जिवाशी खेळ नको."

कारखान्याच्या ऑफिसात त्या वर्षी नवे कॉम्प्युटर आले होते. जुना, हिरव्या अक्षरांचा, भंगारात निघाला, तो गोपीनाथने साहेबाच्या मागे लागून मिळवला. मोडक्या फ्लॉपी ड्राइव्हमधून बारक्या मोटारी काढल्या. या मोटारी साध्या मोटारीसारख्या गरगर फिरत नाहीत. कॉम्प्युटरने एक इशारा दिला की एक टिचकी पुढे, पुन्हा इशारा दिला की पुन्हा एक टिचकी. प्रिंटरची केबल लावायची जी जागा असते तिथून त्याने तारा काढल्या, मध्ये ट्रान्झिस्टर बसवले, आणि डोंबिवलीच्या संध्याकाळच्या क्लासात शिकलेल्या बेसिक भाषेत प्रोग्रॅम लिहायला घेतला. एक मोटार स्लाइड आडवी सरकवणार, दुसरी फोकसचं चाक फिरवणार. एक ओळ बघून संपली की स्लाइड खालच्या ओळीवर आणायची तेवढी शेवंतीच्या डाव्या हाताने.

पुढच्या खोलीतलं टेबल या सामानाने भरून गेलं. चंद्रभागाबाईला भाजी निवडायला जागा उरली नाही. "ही कसली रे दुरबीन?" ती म्हणायची. "एवडी मोटी पेटी लावून बगायचं काय, तर थेंबभर रगत!"

गोपीनाथ मात्र भलताच खूश होता. त्याने फोकससाठी एक युक्ती काढली होती. काचेची स्लाइड कधी अगदी सपाट बसत नाही, एखादी बाजू केसभर वर असतेच. म्हणून चारही कोपऱ्यांवर फोकस आधी नीट लावून घ्यायचा, कॉम्प्युटर ते लक्षात ठेवणार, आणि मधल्या प्रत्येक जागेचा फोकस स्वतः हिशेब करून लावणार. शेवंतीने फक्त एक बटण दाबायचं. स्लाइड सरकली, फोकस लागला, चित्र स्पष्ट, सगळं स्तब्ध. सुरुवातीला मोटार थांबताना चित्र जरासं थरथरायचं, तर ती थरथर मारायला त्याने रबराचे तुकडे लावले, स्प्रिंगा लावल्या, टेबलाच्या पायांखाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून ठेवले. शेवटी डोळा लावला तर चित्र असं उभं, की भिंतीवर टांगलेला फोटोच. गोपीनाथने शेजाऱ्यांनाही बोलावून दाखवलं. शेजाऱ्यांना गुलाबी ठिपक्यांपलीकडे काही दिसलं नाही, पण त्यांनी माना डोलावल्या.

दसऱ्यानंतर सगळं सामान टेम्पोत घालून नौपाड्याला नेलं. शेवंती बसली, एकामागून एक स्लाइड बघितल्या आणि निकाल सांगितले. कर्णिकबाईंनी ते ताडून बघितले. मग त्यांनी यादी बाजूला सारली.

"काय झालं?" गोपीनाथ म्हणाला.

"ज्यात खूप जंतू आहेत त्या सापडल्या हिला. ज्यात थोडे आहेत त्या हुकल्या." मग शेवंतीकडे वळून त्या म्हणाल्या, "पूर्वी अशा तू झोपेतसुद्धा हुकवल्या नसत्यास गं."

शेवंतीचा चेहरा उतरला. सामान पुन्हा टेम्पोत चढलं आणि तिने रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तुझ्या मशीनमध्ये दिसत नाही नीट."

"दिसत नाही? अगं, एवढं स्पष्ट चित्र त्या बाईंच्या नव्या मायक्रोस्कोपमध्येसुद्धा नसेल!"

"स्पष्ट आहे रे. पण दिसत नाही."

"म्हणजे काय? हे काय बोलणं झालं?"

"मला नाही सांगता येत."

"मग तुझा डोळाच दमला असेल. इतके महिने सवय नाही तुला."

बोलायला नको ते तो दुसऱ्यांदा बोलला. शेवंतीने तोंड फिरवलं. घरी दोन दिवस अबोला. चंद्रभागाबाई एकदा लेकीकडे, एकदा लेकाकडे बघायची आणि भाकरीचं पीठ गरजेपेक्षा जास्त थापटायची. गोपीनाथच्या जिवाला घोर लागला. खरं सांगायचं तर त्यालाही मनातून भीती वाटत होती की तिचा डोळा खरंच गेला असेल. मशीन चुकलं असेल, हे मात्र त्याच्या डोक्यातही आलं नाही. चित्र हलत नव्हतं, मग चूक कसली?

रविवारी त्याने फोकसची मोटार सोडवून साफ करायला घेतली. मायक्रोस्कोप तसाच टेबलावर, चाक मोकळं. शेवंती तिथून जात होती. ती थांबली, स्टूल ओढलं आणि मोटार नाही तोवर डाव्या हाताने एक स्लाइड लावून बसली. गोपीनाथ पेचकस हातात धरून समोर बसला होता. त्याची नजर सहज तिच्या हाताकडे गेली आणि तो वैतागला. बोटं फोकसच्या चाकावर होती आणि चाक सारखं हलत होतं. जरासं पुढे, जरासं मागे, पुढे, मागे. कारखान्यात खराब झालेला काटा हलतो, अगदी तसं.

"अगं, हात स्थिर धर ना!"

"स्थिरच आहे," शेवंती डोळा न काढता म्हणाली.

"कसला स्थिर? चाक बघ कसं नाचतंय!"

"काहीतरीच तुझं."

गोपीनाथला राहवेना. त्याने टेबलावरून हात पुढे केला आणि तिचं मनगट घट्ट धरलं. "हां. आता बघ."

शेवंतीने डोळा आणखी जवळ नेला. मग म्हणाली, "दादा, सोड."

"का?"

"गेलं. आत्ता इथे होतं, ते गेलं. सगळं सपाट झालं." तिने मान वर केली. डोळे मोठे झाले होते. "सोड बघू पुन्हा."

त्याने मनगट सोडलं. चाक पुन्हा हलायला लागलं आणि शेवंती ओरडली, "हे बघ! आलं!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिली. इतकी वर्षं स्लाइड बघून तिला स्वतःला माहीत नव्हतं की आपला हात असा सारखा डुलत असतो. रक्ताचा थेंब डोळ्यांना कितीही पातळ दिसला तरी मायक्रोस्कोपखाली तो खोल असतो. वरच्या थरात धूळ, रंगाचे कण, आणि त्याच्या खाली कुठेतरी तो जंतू. एका जागी फोकस रोखला की धूळ आणि जंतू दोन्ही नुसते ठिपके. चाक पुढे-मागे झालं की एक ठिपका आधी विरतो, दुसरा मागाहून उमटतो, आणि कुठला कुठे आहे ते डोळ्याला कळतं. हे सगळं तिने त्या दिवशी, शब्द शोधत शोधत, पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं.

गोपीनाथने ऐकता ऐकता पेचकस खाली ठेवला. जी थरथर तिच्या हाताचं सगळं कसब होती, ती त्याने फोकसचा हिशेब कॉम्प्युटरला देऊन निगुतीने मारली होती. वर तिलाच सुनावलं होतं की तुझा डोळा दमलाय. लाजेने त्याचे कान तापले. "माझंच चुकलं," तो म्हणाला. त्या घरात हे वाक्य फार वेळा ऐकू आलेलं नव्हतं, म्हणून चंद्रभागाबाई आतून बघायला आली.

तरी कारागिराचा हेका लगेच सुटतो थोडाच! त्याने प्रोग्रॅम बदलून मोटारच पुढे-मागे डुलवायला लावली, एका ठरावीक लयीत. शेवंती बसली आणि पाच मिनिटांत तोंडाला पदर लावून उठली. "खाडीतल्या होडीत बसवल्यासारखं वाटतंय. ओकारी येईल मला."

"मग लय कमी करतो."

"तुझी लय नको, दादा. मला पाहिजे तेव्हा हललं पाहिजे, पाहिजे तेव्हा थांबलं पाहिजे. कधी भरभर, कधी हळू."

म्हणजे हुकूम तिचा हवा. पण कशाने देणार? उजवा हात कामाचा नाही, डावा स्लाइडच्या ओळींसाठी लागणार. गोपीनाथ खोलीत फेऱ्या मारायला लागला आणि फेऱ्या मारता मारता कोपऱ्यातल्या शिलाई मशीनला अडखळला. चंद्रभागाबाईने याच मशीनवर साऱ्या आळीची पोलकी शिवली होती आणि शेवंती परकर नेसायची तेव्हापासून ते चालवत आली होती. गोपीनाथने पायडलकडे बघितलं, मग शेवंतीच्या पायाकडे.

"हात लावशील तर बघ!" चंद्रभागाबाई कडाडली. "माजी मशीन हाय ती!"

"आई, तू हल्ली शिवतेस कुठे?"

"शिवत नाय म्हनून मोडून खायची?"

शेवटी शेवंतीनेच आईची समजूत काढली. पायडल सुटलं. गोपीनाथने त्याच्या दांड्याला रेडिओच्या आवाजाचं फिरतं बटण जोडलं आणि त्याच्या तारा कॉम्प्युटरला जिथे गेम खेळायची जॉयस्टिक लावतात तिथे नेल्या. आता पायाचा चवडा दाबला की फोकस वर, टाच दाबली की खाली, आणि जितकं दाबावं तितकंच. स्लाइड सरकवायचं बटण डाव्या हाताशी. प्रोग्रॅम पाय किती हलला ते वाचायचा आणि मोटारीला तेवढ्याच टिचक्या द्यायचा. सुरुवातीला पाय आणि चित्र यांच्यात मेळ बसेना. पाय उलटा फिरला तरी दातेरी चाकांतल्या ढिलाईमुळे मोटार क्षणभर नुसतीच फिरायची, ती ढिलाई त्याने एक स्प्रिंग ताणून घालवली. या वेळी स्प्रिंग कशासाठी लावतोय ते मात्र तो आधी शेवंतीला विचारत होता. जास्त झालं का? आता कसं वाटतं? कुठे अडतंय? शेवंतीही अबोला विसरून त्याच्यावर डाफरायला लागली, "आता बरोबर आहे रे, हात लावू नकोस उगाच."

दिवाळी आठ दिवसांवर आली तेव्हा सगळं सामान पुन्हा नौपाड्याला गेलं. कर्णिकबाईंनी जुन्या स्लाइड काढल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "आज ज्यांचं रक्त येईल त्यांच्याच बघ. मागाहून प्रत्येक स्लाइड मी बघते. आपलं जुळतंय का ते कळेल."

शेवंतीने पायातली चप्पल काढली आणि अनवाणी पाय पायडलवर ठेवला. गोपीनाथ सवयीने तिच्या शेजारी स्टूल घेऊन बसला. वायर निघाली, प्रोग्रॅम अडकला, तर आपण जवळ असावं. तिने डोळा लावला, एकदा पाय हलवला आणि थांबली.

"दादा, तू बाहेर बस."

"अगं, काही अडलं तर?"

"अडलं तर हाक मारीन. तू शेजारी श्वास रोखून बसलास की माझं लक्ष तुझ्याकडे जातं."

गोपीनाथ बाहेर बाकावर जाऊन बसला. शेजारी रक्त द्यायला आलेले पेशंट. दाराआडून मोटारीचा बारीक आवाज येत होता आणि तो कान लावून ऐकत होता. ही स्लाइड सरकली. हा फोकस, पुढे-मागे, पुढे-मागे. पुन्हा सरकली. दुपार होत आली आणि मध्येच आवाज बंद झाला. वायर निघाली? ट्रान्झिस्टर गेला? तो उठला, दाराशी गेला, मुठीत कडी धरली. आत जावं आणि बघावं, सगळा जीव तिकडेच ओढत होता. पण तिने हाक मारली नव्हती. त्याने कडी सोडली आणि परत बाकावर येऊन बसला. इतकं अवघड काम त्याने आयुष्यात दुसरं केलं नसेल.

मग आवाज पुन्हा आला. स्लाइड सरकत नव्हती. एकाच जागी, अगदी हळू, फोकस तेवढा पुढे-मागे होत होता. तिला काहीतरी सापडलं होतं आणि ती ते नीट बघत होती. गोपीनाथने डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने कर्णिकबाई आपल्या खोलीतून सकाळपासूनच्या स्लाइडचा ट्रे घेऊन आल्या. त्यांनी शेवंतीच्या खोलीचं दार उघडलं आणि दारातूनच म्हणाल्या, "शेवंती, सगळ्या जुळल्या. एक तर तू म्हणालीस म्हणून मी दुसऱ्यांदा बघितली, तेव्हा मला सापडली. उद्यापासून मी मागाहून बघणार नाही."

"बरं," आतून शेवंती म्हणाली. बस, एवढंच. गोपीनाथला वाटलं होतं ती रडेल, धावत बाहेर येईल, त्याला काहीतरी म्हणेल. इथे त्याच्याच डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं आणि रुमाल सापडत नव्हता.

तेवढ्यात शेवंती बाहेर आली. डाव्या हातात चिठ्ठी, उजवा हात पदराखाली. तिने बाकावरच्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि विचारलं, "हौसाबाई कोण?"

"माजी सून," एक म्हातारी म्हणाली. तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तिची सून तापाने ग्लानीत बसली होती.

"आजी, मलेरिया आहे. सापडलाय, घाबरू नका, आता औषध चालू होईल," शेवंती म्हणाली. "सुनेला आडवं करा जरा. अहो, सरका तुम्ही, त्यांना झोपू द्या."

हे 'अहो' गोपीनाथला होतं. तो गडबडून उठला. तेव्हा कुठे तिने त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"अरे, दादा! तू अजून इथेच?" ती म्हणाली. "मी ठीक आहे. जा ना तू कामावर."

आणि दार लोटून ती पुढच्या स्लाइडकडे गेली.